शब्दकोड्यातले कीटक: पाय, पंख आणि चौकोन मोजण्याची रीत

‘सहा पायांचा (३)’. एवढेच शोधसूत्र असले की बरेच जण पेन्सिल थांबवतात. सहा पाय तर मुंगीला आहेत, डासाला आहेत, झुरळालाही आहेत. मग उत्तर कोणते? उत्तर आहे षट्पद, म्हणजे भुंगा. कीटकांच्या सूत्रांबद्दलची पहिली गोष्ट इथेच लक्षात घ्यावी. दिलेले लक्षण सगळ्याच कीटकांना लागू पडत असेल, तर कोडेकाराला प्राणी नको आहे, शब्द हवा आहे. त्या लक्षणाचाच अर्थ पोटात असलेला शब्द शोधायचा. लक्षण एक-दोन कीटकांपुरतेच असेल, उदाहरणार्थ ‘पोटाच्या टोकाशी उजेड’, तर मात्र खरोखर कीटक ओळखायचा असतो.

सूत्र कोणत्याही प्रकारचे असो, आधी चौकोन मोजावेत. मराठी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर जाते. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार अक्षराबरोबरच राहतात. जोडाक्षरही एकाच चौकोनात बसते. म्हणून काजव्याचा संस्कृत प्रतिशब्द खद्योत हा ख, द्यो, त असा तीन चौकोनांचा. मत्कुण, म्हणजे ढेकूण, हाही म, त्कु, ण असा तीनच चौकोनांचा. मक्षिका तीन, पिपीलिका चार, वृश्चिक तीन. षट्पद तर नेहमीच फसवतो. त्यातला ट पायमोडका आहे, त्याला स्वतंत्र चौकोन नाही. ट आणि प मिळून एक. क्वचित एखादे कोडे षटपद असे धरून चार चौकोन ठेवते. ती कोडेकाराची चूक असते, पण सोडवणाऱ्याला तिचीही तयारी ठेवावी लागते. सूत्राचा अर्थ पक्का जुळतो आणि एकच चौकोन जास्त आहे असे दिसले, की जोडाक्षर फोडून पाहावे.

यानंतर सूत्राचे शेवटचे अक्षर वाचावे. मराठीत ही फार मोठी मदत आहे आणि तिचा उपयोग फार कमी लोक करतात. ‘रक्त पिणारा’, ‘रक्त पिणारी’, ‘रक्त पिणारे’ या तीन सूत्रांची उत्तरे तीन वेगळी असतात. पिणारा म्हटले की डास किंवा ढेकूण. पिणारी म्हटले की पिसू, किंवा कीटक नसलेली जळू. पिणारे म्हटले की चिलट किंवा घुंगुरटे. झुरळ, पाखरू, फुलपाखरू ही नपुंसकलिंगी. मुंगी, माशी, वाळवी, टाचणी, कसर ही स्त्रीलिंगी. भुंगा, टोळ, चतुर, काजवा, सुरवंट, पतंग हे पुल्लिंगी. मात्र सूत्रात ‘कीटक’, ‘किडा’ किंवा ‘प्राणी’ हा शब्द आला असेल, तर पुल्लिंग त्या शब्दाचे असते, उत्तराचे नसते. ‘लाकूड पोखरणारा कीटक (३)’ याचे उत्तर वाळवी असू शकते. लिंगाची कसोटी चालते ती नाम गाळलेल्या सूत्राला.

वचनही पाहावे. ‘हातापायांना येतात त्या (२)’ याचे उत्तर मुंग्या, मुंगी नाही. सूत्र अनेकवचनी आणि उत्तर एकवचनी असे चांगला कोडेकार करत नाही.

पाय आणि पंख

कीटकाच्या शरीराचे तीन भाग: डोके, वक्ष आणि उदर. पाय आणि पंख दोन्ही वक्षाला जोडलेले असतात. डोक्यावर स्पर्शिकांची एक जोडी असते. शाळेच्या पुस्तकात शृंगिका, बोलताना मिशा. ‘कीटकाचा मधला भाग (२)’ असे सूत्र आले तर वक्ष, ‘शेवटचा भाग (३)’ आले तर उदर, ‘मिशा (३)’ आले तर स्पर्शिका किंवा शृंगिका, दोन्ही तीनच चौकोनांचे, म्हणून छेदणारा शब्द लागेपर्यंत फक्त शेवटचा ‘का’ भरावा. पहिले दोन चौकोन वेगळे पडतात: स्प, र्शि, का आणि शृं, गि, का. पहिल्या किंवा मधल्या चौकोनात आडवा-उभा छेद असेल तर निर्णय तिथेच होतो.

आठ पाय म्हटले की तो कीटक नव्हे. कोळी, विंचू, गोचीड हे अष्टपाद. मृगाच्या पहिल्या पावसानंतर मातीवर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा, ज्याला संस्कृतात इंद्रगोप म्हणतात, तोही आठ पायांचाच. पण बोली मराठीत या सगळ्यांना किडा म्हणतात आणि कोडेकारही म्हणतात. त्यामुळे सूत्रात ‘किडा’ हा शब्द असेल तर सहा पायांवर अडून बसू नये. ‘कीटक’ असेल तर सहसा सहा पायांवरच राहावे. पायांची संख्या बरीच असेल तर दोन उमेदवार: गोम आणि वाणी. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, वाणीच्या बहुतेक खंडांना दोन जोड्या. गोम चपटी आणि चपळ, वाणी गोल आणि संथ, डिवचला की नाण्यासारखी गुंडाळी करणारा. त्या गुंडाळीमुळेच त्याचे दुसरे नाव पैसा. मोठ्या गोमेला घोण म्हणतात, तो शब्दही दोन चौकोनांचा. गोम आणि घोण यांच्यात नुसत्या आकाराच्या सूत्रावरून निवड करता येत नाही, छेदणारे अक्षर हवेच.

पंखांचा हिशोब जास्त कामाचा, कारण पायांनी उमेदवार कमी होत नाहीत, पंखांनी होतात. पंखच नाहीत असे सांगितले तर ऊ, पिसू, ढेकूण आणि कागद-कपडे खाणारी चंदेरी कसर. यांत पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते, म्हणून केसांतून सरकते. ढेकूण वरून-खालून चपटा, म्हणून खाटेच्या फटीत बसतो. उडी मारणारी ती पिसू, चिरडल्यावर दुर्गंधी येते तो ढेकूण. दोनच पंख म्हटले की माशी, डास, चिलट. बाकी बहुतेकांना चार. पुढची जोडी कडक झाकणासारखी असेल तर भुंगेऱ्यांचे कुळ: भुंगेरा, सोनकिडा, ढालकिडा, शेणकिडा. काजवाही याच कुळातला आहे, माशीच्या नव्हे. ‘चमकणारा भुंगेरा’ हे सूत्र पाहून दचकू नये.

सारखे दिसणारे दोघे

कोड्यात सर्वात जास्त खाडाखोड होते ती जोड्यांमुळे. दोन कीटक दिसायला सारखे, नावेही सारख्याच लांबीची. या जोड्यांतले फरक एकदा नीट डोक्यात बसवले की सूत्र वाचतानाच उत्तर ठरते.

चतुर आणि टाचणी, दोन्ही तीन चौकोनांचे, दोन्ही पाण्याकाठचे, दोघांनाही चार पारदर्शक पंख. चतुर बसला तरी पंख आडवे पसरलेले ठेवतो. टाचणी बसली की बहुधा पंख पाठीवर मिटून घेते. चतुराचे डोळे मोठे, बहुतेक जातींत एकमेकांना टेकलेले; टाचणीचे डोळे एकमेकांपासून दूर, डोक्याच्या दोन टोकांना. चतुर जाडजूड आणि वेगवान, टाचणी बारीक, नावाप्रमाणेच.

फुलपाखरू आणि पतंग यांत चौकोनांची संख्या वेगळी आहे, पाच आणि तीन, म्हणून गोंधळ कमी. तरी लक्षणे माहीत असावीत. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा पिसासारख्या किंवा धाग्यासारख्या. फुलपाखरू बसताना पंख उभे मिटते, पतंग बहुधा पसरून किंवा छपरासारखे उतरते ठेवतो. पतंग बहुतेक निशाचर, म्हणून दिव्याचा उल्लेख आला की पतंग. दोघांच्याही पंखांवर खवले असतात. बोटाला लागणारी भुकटी ती हीच. ‘पंखावरची भुकटी (३)’ याचे उत्तर खवले.

मुंगी आणि वाळवी. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात, पण तिचे नाते झुरळाशी आहे. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. वारूळ बांधते ती वाळवी. पण कोड्यात ‘मुंग्यांचे घर (३)’ असे आले तर उत्तर वारूळच लिहावे. लोकांच्या तोंडी ते तसेच आहे आणि कोडे लोकांच्या भाषेवर चालते. तेच सूत्र ‘वाल्मीकींच्या नावातले वारूळ (३)’ असे आले तर वल्मीक. वाळवीला उधई असाही शब्द आहे, तोही तीनच चौकोनांचा. ई हे स्वतंत्र स्वराचे अक्षर शेवटी येत असेल, तर बहुधा उधईच.

नाकतोडा आणि रातकिडा, दोन्ही चार. नाकतोड्याच्या मिशा आखूड, रातकिड्याच्या शरीराहून लांब. नाकतोड्याचे कान उदरावर, रातकिड्याचे पुढच्या पायांवर. हे कानाचे सूत्र मुलांच्या कोड्यांत फार आवडीने घातले जाते: ‘पायांत कान असलेला (४)’. किरकिर करतो तो नर रातकिडा, पंखावर पंख घासून. टोळ हा नाकतोड्याचाच भाऊबंद, पण थव्याने येणारा. ‘धाड’ हा शब्द सूत्रात दिसला की टोळ. त्याचा संस्कृत प्रतिशब्द शलभ. योगासनांच्या सूत्रात ‘टोळाच्या आकाराचे आसन (५)’ म्हणजे शलभासन.

मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्यात लांबी वेगळी, चार आणि पाच, पण कोडेकार नुसते गांधील (३) असेही घेतात. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती आपल्या कातडीत अडकून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. ‘एकदाच डंख मारणारी’ म्हणजे मधमाशी. नांगी हा अंडी घालण्याच्या अवयवाचाच बदललेला प्रकार आहे, म्हणून दोन्हींत डंख मारते ती मादीच. डासातही चावते ती मादी, पण तिथे अवयव वेगळा, सोंड. ‘नांगी’ आणि ‘सोंड’ दोन्ही दोन चौकोनांचे आहेत, तेव्हा सूत्रात डंख आहे की दंश, मागून आहे की पुढून, हे नीट वाचावे.

अवस्थांचे सूत्र आले तर क्रम अंडे, अळी, कोश, प्रौढ. कोशाचा उल्लेख असेल तर नाकतोडा, झुरळ, ढेकूण, चतुर हे चौघे लगेच बाद होतात. त्यांच्यात कोशावस्थाच नसते, अंड्यातून पिल्लूच बाहेर येते. ‘कोशातून बाहेर येणारे’ म्हणजे फुलपाखरू, ‘कोशात जाणारा, अंगावर केस असलेला (४)’ म्हणजे सुरवंट.

भुंग्याची नावे

मराठी कोड्यांत एका कीटकाला मिळालेला मान दुसऱ्या कोणालाही नाही. भुंगा हा संस्कृत काव्याचा लाडका, त्यामुळे त्याला नावे पुष्कळ आणि त्यातली बहुतेक तीन चौकोनांची. कोडेकाराला रिकामी जागा भरायला याहून सोयीचा प्राणी नाही. नावे नुसती पाठ करू नयेत. प्रत्येक नावात भुंग्याची एक सवय किंवा एक अवयव आहे, तो धरला की सूत्रातून नाव आपोआप निघते.

भ्रमर म्हणजे भ्रमण करणारा, घिरट्या घालणारा. मधुप म्हणजे मध पिणारा. मधुकर म्हणजे मध करणारा, आणि हा चार चौकोनांचा. षट्पद वर आलाच. अली आणि भृंग हे दोन चौकोनांचे. चंचरीक चार. शिलीमुखही चार, आणि त्याचा दुसरा अर्थ बाण. ‘भुंगा किंवा बाण (४)’ हे सूत्र जुन्या वळणाच्या कोड्यांत हटकून भेटते. मिलिंद तीन चौकोनांचा, आणि बौद्ध परंपरेत मिनँडर या ग्रीक राजाचे नाव मिलिंदच आहे, म्हणून ‘नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा (३)’ आणि ‘भुंगा (३)’ यांचे उत्तर एकच निघते.

सर्वांत सुंदर नाव द्विरेफ. रेफ म्हणजे र. भ्रमर या शब्दात र दोनदा येतो, एकदा भ्र मध्ये आणि एकदा शेवटी, म्हणून भ्रमराचे नाव दोन र असलेला. म्हणजे हे नाव भुंग्याच्या शरीरावरून पडलेले नाही, त्याच्या दुसऱ्या नावाच्या अक्षरांवरून पडले आहे. शब्दकोडे सोडवणाऱ्याने हे एक उदाहरण तरी मनापासून लक्षात ठेवावे, कारण कोडी छापली जाण्याच्या कितीतरी आधी आपल्या भाषेत असा अक्षरांचा खेळ होत होता.

आता तीन चौकोन आणि ‘भुंगा’ एवढेच सूत्र असेल तर भ्रमर, मधुप, मिलिंद, षट्पद, द्विरेफ असे पाच उमेदवार. अशा वेळी अंदाजाने भरणे म्हणजे कोपरा बिघडवणे. पाचांची पहिली अक्षरे भ्र, म, मि, ष, द्वि अशी सगळी वेगळी. शेवटची र, प, द, द, फ. म्हणजे पहिले अक्षर मिळाले तर उत्तर पक्के, शेवटचे मिळाले तर बहुतेक पक्के; फक्त द आला तर मिलिंद की षट्पद हे मधल्या अक्षरावर ठरवायचे. छेदणाऱ्या शब्दांपैकी आधी सोडवायचा तो पहिल्या अक्षरातून जाणारा.

इतर कीटकांना इतकी नावे नाहीत. मुंगी पिपीलिका, माशी मक्षिका, डास मशक, ढेकूण मत्कुण, ऊ यूका, काजवा खद्योत, कोळी ऊर्णनाभ किंवा लूता. खद्योतमध्ये ख म्हणजे आकाश आणि द्योत म्हणजे उजेड. ऊर्णनाभ म्हणजे ज्याच्या बेंबीतून लोकर निघते तो. ‘पहिल्याच घासाला’ असे सूत्र आले तर मक्षिकापात.

एक शब्द, दोन अर्थ

कोडेकार जेव्हा सूत्रात कीटकाचे नावही घेत नाही, तेव्हा खरी कसोटी लागते. ‘हुशार’ याचे उत्तर चतुर हे सगळ्यांना सुचते. पण ‘हुशार उडतो पाण्यावर’ असे आले की गोंधळ होतो. असे शब्द मराठीत मोजकेच आहेत आणि एकदा माहीत झाले की पुन्हा अडवत नाहीत. टाचणी कागदाला टोचायची आणि पाण्याकाठी उडणारी. पतंग संक्रांतीचा, दिव्यावरचा, आणि संस्कृतात सूर्यही. कोळी जाळे टाकतो समुद्रात आणि विणतो भिंतीवर. ‘दोघांचेही जाळे’ हे सूत्र त्याच्यासाठीच. वाणी दुकानातला, तोंडातली आणि पावसाळ्यात भिंतीवर चढणारा. कोश शब्दांचा, पैशाचा आणि अळीचा. गोम घरात निघते आणि बोलण्यातही असते: ‘यातली खरी … वेगळीच आहे’.

मावा तीन ठिकाणी सापडतो: पानाखाली रस शोषत, मिठाईत, आणि तंबाखूच्या पुडीत. शेतीचे सूत्र असेल तर मऊ अंग, गोड चिकट स्राव आणि मागे लागलेल्या मुंग्या ही त्याची खूण. कसर म्हणजे पुस्तक खाणारी, आणि हिशोबातली तूटही. लाख हा आकडा, आणि पळस-बोरीच्या फांद्यांवर कीटकाने स्रवलेला राळेसारखा पदार्थही. ‘एकावर पाच शून्ये, फांदीवरही (२)’. त्यावरूनच लाक्षागृह (४).

गोव्याच्या आणि तळकोकणाच्या वाचकांना एक उत्तर सहज सुचेल, देशावरच्यांना सुचायला वेळ लागेल: सातेरी. वारुळाच्या रूपात पुजली जाणारी देवी सातेरी, आणि पेट्यांत पाळली जाणारी आपली देशी मधमाशीही सातेरी. उंच कड्यांवर, झाडांवर एकच मोठे पोळे बांधणारी आक्रमक मधमाशी ती आग्या, आणि झुडपात छोटे पोळे करणारी ती फुलोरी. ‘मध देणारी’ आणि तीन चौकोन, म्हणजे सातेरी किंवा फुलोरी. शेवट दोन्हींचा ‘री’, तेवढे निर्धास्त भरावे.

म्हणींची सूत्रे बहुतेकांना येतात. कुठे माशी शिंकली, मुंगीला पंख फुटले, नांगी टाकली, डोक्यात भुंगा लागला. इथे चूक होते ती विभक्तीची. ‘… बिऱ्हाड पाठीवर (४)’ याचे उत्तर विंचू नाही, विंचवाचे. चौकोन मोजले की हे लक्षात येते. सामान्यज्ञानाची सूत्रे मात्र माहीत असली तरच सुटतात. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरवले. असे फुलपाखरू निवडणारे ते देशातले पहिले राज्य. काळ्या मखमली पंखांवर निळी झाक असलेल्या या फुलपाखराचे मराठी नाव नीलवंत (४), राणी पाकोळी असेही म्हणतात. महाबळेश्वर तालुक्यातले मधाचे गाव मांघर (३). पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला लोक जातात ते काजवे (३) पाहायला.

एक कोपरा सोडवून पाहू

१ आडवा, तीन चौकोन: ‘पाण्यावर घिरट्या घालणारा, बसला तरी पंख पसरलेले’. त्याच्या मधल्या अक्षरातून खाली जाणारा २ उभा, चार चौकोन: ‘पानाचा रस शोषणारा, चालतो तिरका’. त्या उभ्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू होणारा ३ आडवा, दोन चौकोन: ‘पंख दोनच, चावते मादीच’.

३ आडव्यापासून सुरुवात केली तर डास आणि माशी दोन्ही डोळ्यांसमोर येतात, दोघांनाही दोनच पंख. ‘चावते मादीच’ यावरून डासाकडे कल जातो, पण लगेच शाईने लिहू नये. २ उभ्यासाठी चार चौकोनांचे पुल्लिंगी शब्द: नाकतोडा, रातकिडा, तुडतुडा. तिघांचाही शेवट ‘डा’ आहे. म्हणजे तिघांपैकी कोणीही असला तरी ३ आडवा डा ने सुरू होणार आणि माशी बाद. डास पक्का. उत्तर माहीत नसतानाही शेवटचे अक्षर माहीत असू शकते. कोपरा अडला की हा मार्ग वापरावा.

आता १ आडवा. ‘घालणारा’ हे पुल्लिंगी आणि पंख पसरलेले, म्हणजे चतुर. टाचणी दोन्ही कसोट्यांवर बसत नाही. चतुरचे मधले अक्षर तु, म्हणून २ उभा तुडतुडा. कपाशीच्या शेतात ज्यांनी पाने उलटून पाहिली आहेत त्यांना तिरके चालणे हे तुडतुड्याचेच लक्षण आहे हे सांगावे लागत नाही. शेतीच्या पुरवण्यांतल्या कोड्यांत अशी सूत्रे भरपूर असतात: पाठीला उंटासारखी कमान करून चालणारी उंटअळी (४), मातीत मुळे कुरतडणारी पांढरी हुमणी (३), धान्यातला लांब तोंडाचा सोंडकिडा (४), कपाशीच्या बोंडातली बोंडअळी (४).

खोडरबर कशाने झिजतो

पहिले कारण ऱ्हस्व-दीर्घ. मराठी शब्दाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ: पिसू, विंचू, जळू, मुंगी. संस्कृतातून आलेला अलि मराठीत स्वतंत्रपणे लिहिताना अली होतो. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार मराठी शब्दात दीर्घ: ढेकूण, गोचीड, वारूळ, लीख. तत्सम शब्दाला हे लागू नाही, म्हणून चतुर आणि मत्कुण ऱ्हस्वच. प्रत्यय लागला की दीर्घ टिकत नाही: गोचिडाचा, वारुळातला, आणि ढेकणाचा. छेदणाऱ्या अक्षरात उकार जुळत नसेल तर आधी हा नियम तपासावा, मग उत्तर बदलावे. काही कोडेकार या बाबतीत सूट घेतात. एकाच कोड्यात दोन ठिकाणी तसे दिसले की ती सूट आहे असे समजून पुढे जावे.

दुसरे कारण, एकाच कीटकाची दोन रूपे. नाकतोडा आणि नाकतोड्या, दोन्ही चार चौकोनांचे, फरक फक्त शेवटी. मोहोळ आणि मोहळ, फरक मधल्या अक्षरात. माश्या आणि माशा. अशा ठिकाणी शंकेचा एकच चौकोन कोरा ठेवावा, बाकीचे भरावेत. पूर्ण शब्द कोरा ठेवला तर आजूबाजूचे शब्दही अडतात.

तिसरे कारण हिंदी. मच्छर, तितली, दीमक, जुगनू हे शब्द कानावर इतके पडतात की आधी तेच सुचतात. मराठी कोड्यात मच्छर क्वचित चालून जातो, बाकीचे नाही. सूत्रात ‘हिंदीत’ असे म्हटले असेल तरच लिहावेत.

आणि ऊ. एका अक्षराचा शब्द उत्तर म्हणून येत नाही, कारण कोड्यात किमान दोन चौकोन लागतात. त्यामुळे केसांतला, पंख नसलेला, रक्त पिणारा जीव विचारला की उवा, यूका किंवा तिची अंडी लीख यांपैकीच काहीतरी असणार. तिन्ही दोन चौकोनांचे. ‘चिकटलेली’ म्हटले असेल तर लीख, ‘संस्कृतात’ म्हटले असेल तर यूका, अनेकवचन असेल तर उवा.